दुसऱ्या मजल्यापर्यंतची वायर

आमच्या घरात इंटरनेट आलं ते फक्त तळमजल्यापुरतं, हे कळायला मला दोन वर्षं लागली. कारण मी तळमजल्यावरच असते. स्वयंपाकघर खाली, टीव्ही खाली, झोपायची खोली खाली. पहिला मजला पाहुण्यांसाठी, म्हणजे बहुतेक वेळा रिकामाच. दुसऱ्या मजल्यावर नणंद राहते, आणि तिची तक्रार कधी कानावर आली नव्हती.

माझी नणंद जन्मापासून ऐकू शकत नाही. लहानपणी ती मुंबईला कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत होती. पुढे पनवेलजवळच्या कपड्यांच्या कारखान्यात शिवणकामाला लागली आणि तिथेच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहिली. मी लग्न होऊन आले तेव्हा ती फक्त सुट्टीला घरी यायची. चार वर्षांपूर्वी कारखाना बंद झाला आणि ती दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत कायमची आली. आमचं दोघींचं बरं चालायचं. ती भाजी निवडायची, मी फोडणी घालायची. काही सांगायचं असलं तर बोटानं दाखवायचं, फारच झालं तर कागदावर लिहायचं. मला वाटायचं, एवढं पुरेसं आहे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिला काम मिळालं. मुंबईतली एक संस्था लहान कर्णबधिर मुलांच्या आईवडिलांना खुणांची भाषा शिकवते. वर्ग व्हिडिओवर भरतात. ज्यांना ऐकू येतं असे शिक्षक त्यांच्याकडे होते, पण ही भाषा जिची मातृभाषाच झालीय अशी शिक्षिका त्यांना हवी होती. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी पाच ते सहा. नणंदेनं खोलीतल्या भिंतीला निळी चादर लावली, समोर टेबल ठेवलं. पहिल्या दिवशी मी पोहे घेऊन वर गेले तेव्हा ती नवीन ओढणी घेऊन बसली होती.

तीनेक आठवड्यांनी मी पाहिलं तर ती वर्गाच्या वेळी जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसलेली. मांडीवर पाट, पाटावर डब्याला टेकवून ठेवलेला फोन. मागे निळी चादर नाही, चपलांचा स्टँड होता. मी विचारलं, म्हणजे हात उलटा करून काय झालं असं दाखवलं. तिनं वर बोट केलं, मग तळहात गळ्यावरून आडवा फिरवला.

मी तिच्या मागे उभी राहून फोनमध्ये पाहिलं. एक तरुण आई होती, मांडीवर चारेक वर्षांची मुलगी. आईचा हात हवेत अर्धवट उचललेला आणि चित्र तसंच थांबलेलं. इथेही नेट अडत होतं, फक्त वरच्यापेक्षा कमी. नणंद वाट बघत राहिली. बराच वेळ गेला. मग चित्र एकदम हललं, तेव्हा त्या आईचे हात खाली आले होते आणि ती प्रश्नार्थक बघत होती. मधलं सगळं गेलं.

मी बाहेरगावी असलेल्या माझ्या मुलीशी व्हिडिओवर बोलते तेव्हा चित्र थांबतंच की. पण आवाज चालू राहतो, आपण बोलत राहतो, कुणाचं काही अडत नाही. चित्र थांबलं की हिच्यापाशी काहीच उरत नाही, हे माझ्या डोक्यात तोवर कधी आलंच नव्हतं. त्या संध्याकाळी तिनं मला संस्थेचा मेसेज दाखवला. भाषा अगदी नम्र होती. महिनाअखेरपर्यंत जोडणी सुधारली नाही तर वर्ग दुसऱ्या कुणाकडे द्यावा लागेल, असं लिहिलं होतं.

नवऱ्याला सांगितलं. तो ट्रकच्या कामासाठी सकाळी बाहेर पडतो तो संध्याकाळीच येतो, पण बहिणीचं काही असलं की लगेच हलतो. दुसऱ्याच दिवशी तो अलिबागहून नेटची लहर पुढे पोचवणारा एक बूस्टर घेऊन आला. भिंतीतल्या प्लगमध्ये खोचायचा पांढरा डबा. पहिल्या मजल्यावर लावला. नणंदेच्या फोनवर लगेच सिग्नलच्या सगळ्या कांड्या भरल्या. नवरा म्हणाला, "झालं. उगीच एवढा बाऊ केला."

पाच वाजता वर्ग सुरू झाला आणि पाच-दहाला ती पाट घेऊन खाली आली.

इथून मला या गोष्टीचं वेड लागलं, असंच म्हणावं लागेल. कांड्या भरलेल्या आणि नेट नाही, हे कसं? मी वीस वर्षं माध्यमिक शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. मुलांच्या प्रयोगांसाठी परीक्षानळ्या धुतल्या, चुंबकं मोजून ठेवली, तारा जोडून दिल्या. प्रयोग मात्र नेहमी सरांनी केला आणि निरीक्षण मुलांनी लिहिलं. मी सामान आवरता आवरता मनातल्या मनात प्रश्न विचारत राहायची. आता घरातच प्रयोग होता आणि सर कुणी नव्हते.

मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिन्ही मजल्यांचे नकाशे काढले. प्रत्येक खोलीत चार कोपरे आणि मधला भाग. फोनवर वेग मोजायचं पान उघडायचं, आकडा यायचा, तो त्या जागी लिहायचा. राउटर खाली ओटीवर, कारण केबल रस्त्यावरून तिथेच आत येते. त्याच्यासमोर आकडा भरघोस होता. स्वयंपाकघराची जांभ्या दगडाची भिंत ओलांडली की निम्म्याहून कमी. जिन्यात बरा, कारण तिथे वर छत नाही, पोकळी आहे. पहिल्या मजल्यावर लोखंडी कपाटाच्या मागे जवळजवळ शून्य, कपाटापुढे थोडा. दुसऱ्या मजल्यावर नणंदेच्या खोलीत फक्त खिडकीपाशी, तेही खिडकीबाहेर हात काढला तर. लहर खालच्या ओटीवरून बाहेर अंगणात जाते आणि बाहेरून वर येते की काय, असं वाटून मी एकदम खूश झाले. नवऱ्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "मग तिनं खिडकीबाहेर बसून शिकवायचं काय?"

मग मी फोन स्टीलच्या डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि दुसऱ्या फोनवरून रिंग दिली. डबा वाजला. मी चक्रावले. स्टीलमधून लहर जाते? नणंद हे सगळं दारात उभी राहून बघत होती. तिनं डबा हातात घेतला, झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि दोन बोटांत चिमूटभर अंतर धरून दाखवलं. फट. मी पोळ्या गुंडाळायची चंदेरी फॉइल आणली, झाकणाची कड सगळीकडून घट्ट गुंडाळली आणि पुन्हा रिंग दिली. पलीकडची बाई म्हणाली, आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती सध्या उपलब्ध नाही. आम्ही दोघी हसलो. तिचं हसणं मोठ्यानं असतं, तिला त्याचा अंदाज नसतो, आणि लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत मी त्या हसण्यानं दचकायची. त्या दिवशी मीही तेवढ्याच मोठ्यानं हसले.

मग लक्षात आलं. स्लॅबमध्ये सळयांची जाळी असते. त्यावर सिमेंट, त्यावर लाद्या. अशा दोन स्लॅबा. आमचं घर म्हणजे एकावर एक ठेवलेले डबे, फटी काय त्या जिन्यातल्या आणि खिडक्यांच्या.

केबलवाल्याकडचा माणूस बिल भरून घ्यायला आला तेव्हा मी त्याच्यासमोर कॅलेंडर पसरलं. चाळिशीचा, शांत माणूस. त्यानं नकाशा दोनदा पाहिला.

"काकी, हे तुमी काढलंत?"

"हो. चुकलंय का कुठे?"

"नाय, बरोबर हाय. पण मला सांगा, बूस्टर कुठं लावला?"

मी दाखवलं.

"तिथं तुमचाच आकडा बघा ना किती कमी हाय. बूस्टरला जेवढं मिळतं तेवढंच तो पुढं देनार. त्याला अर्धं ऐकू आलं तर तो अर्धंच सांगनार, फक्त मोठ्यानं. फोनला वाटतं आवाज जोरात हाय, म्हणून कांड्या भरलेल्या."

एवढं सरळ उत्तर मला आठवड्याभरात सापडलं नव्हतं. मी विचारलं, "मग उपाय?"

"वायर. राउटरपासून वरपर्यंत लॅनची वायर न्यायची आन् वरती दुसरा डबा लावायचा. वायरीला स्लॅब दिसत नाय. खाली जेवढं हाय तेवढंच्या तेवढं वरती." पण घराच्या आतलं काम त्यांच्याकडे कुणी करत नव्हतं, आणि तो स्वतः नाताळच्या पर्यटकांच्या गर्दीआधी हॉटेलांच्या जोडण्या करत फिरत होता. "जानेवारीत बघू," असं म्हणाला. महिनाअखेर मात्र दहा दिवसांवर होती. उठताना त्यानं कॅलेंडरच्याच कोपऱ्यात काय काय आणायचं ते लिहून दिलं आणि म्हणाला, "करता येईल तुमाला. अडलं तर फोन करा."

सामान मुंबईहून आणायचं ठरलं. मी आणि नणंद मांडव्याहून सकाळच्या बोटीनं निघालो. गेटवेजवळ बोट आली तेव्हा धक्क्यावर तिची शाळेतली एक मैत्रीण भेटायला येऊन उभी होती. अजून बोट आणि धक्का यांत चांगलं अंतर होतं. आजूबाजूचे लोक धक्क्यावरच्या आपल्या माणसांना ओरडून काही सांगत होते, इंजिनाच्या आवाजात कुणाला काही ऐकू जात नव्हतं. या दोघी मात्र कधीच बोलायला लागल्या होत्या. इतकं भराभर, इतकं लांबून. मैत्रीण काहीतरी म्हणाली आणि नणंदेनं माझ्याकडे बघून उत्तर दिलं, तेव्हा दोघी हसल्या. माझ्याबद्दल काहीतरी होतं, एवढं कळलं. काय, ते कळलं नाही. सत्तावीस वर्षं एका घरातली माणसं आम्ही, आणि धक्क्यावरच्या बाईला जे समजलं ते मला शेजारी उभं राहून समजत नव्हतं. त्या दिवशी मला माझी लाज वाटली.

दुकानातून आम्ही चाळीस मीटर वायर, टोकाला लावायचे कनेक्टर, ते दाबायचा चिमटा, तपासायचं छोटं यंत्र आणि वायरीवर चालणारे दोन पांढरे डबे घेतले. दुकानदारानं स्वस्तातली वायरही दाखवली. नणंदेनं दोन्हींची टोकं सोलून आतली तार नखानं वाकवली. स्वस्तातली तिसऱ्या वाकवण्याला तुटली. शिवणकामात आयुष्य गेलेल्या बाईला धागा कसला आहे हे सांगावं लागत नाही.

आता वायर वर न्यायची कशी? बाहेरून नेली तर खारा वारा, ऊन आणि माकडं. भोकं पाडायची तर जांभ्याचा भरवसा नाही. मला आठवलं, पूर्वी छतावर टीव्हीची छत्री होती. तिची केबल भिंतीतल्या पाइपातून, वाटेत नणंदेच्या खोलीतल्या पेटीतून, थेट ओटीवर आलेली. छत्री गंजून पडली, केबल पाइपातच राहिली. तिच्या खालच्या टोकाला नवी वायर बांधायची आणि वरून जुनी ओढून काढायची. जुनी बाहेर, नवी आत. नणंदेला कागदावर काढून दाखवलं तर तिनं लेंग्याची नाडी घालायची खूण केली. तेच ते!

अडचण एकच. ती वर, मी खाली. मी ओरडून उपयोग नाही, आणि व्हिडिओ लावावा तर वर नेट नाही, त्यासाठीच तर हा खटाटोप. मग आम्ही वायरीवरच ठरवलं. एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे ओढ. तीन म्हणजे जिन्यात ये, काहीतरी बिघडलंय.

रविवारी सकाळी सुरू केलं. मी खालून वायर सरकवत होते, ती वरून खेचत होती. हातातली वायर आपोआप भिंतीत शिरताना बघून मला लहान मुलीसारखी मजा वाटत होती. माझ्याकडे वायरीला पीळ पडला, मी एक हिसका दिला. वायर तत्क्षणी थांबली. पीळ सोडवला, दोन हिसके दिले. वायर चालू लागली. मध्येच तिच्याकडून एक हिसका आला, थोड्या वेळानं दोन. ती घाम पुसत होती असं तिनं नंतर सांगितलं. इतकी वर्षं आम्ही एकमेकींना काही सांगायचं तर समोर जाऊन उभ्या राहायचो. आता मी तिला बघत नव्हते, ती मला बघत नव्हती, आणि तरी तिचं मला कळत होतं.

मग वायर अडली. ती ओढत होती हे हाताला जाणवत होतं, पण वायर जागची हलत नव्हती. तीन हिसके आले.

मी वायरीवर पाइपाच्या तोंडाशी खूण केली, बाहेर किती उरलीय ते शिवणाच्या टेपनं मोजून आत किती गेलीय ते काढलं आणि तेवढं अंतर भिंतीवरून मोजत जिन्यानं वर गेले. ते अंतर पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावर संपलं. तिथे नुसती पिवळी रंगवलेली भिंत. मी बोटाच्या पेरांनी ठोकत ठोकत कान लावून पुढे सरकू लागले. नणंद वरून उतरून आली, तिनं माझ्या शेजारी भिंतीवर दोन्ही तळवे टेकवले आणि डोळे मिटले. टक, टक, टक. एका ठिकाणी आवाज बदलला, पोकळ झाला. मी थांबले आणि वळून बघते तर तिनंही डोळे उघडले होते आणि तिचा तळवा बरोबर त्याच जागी येऊन थांबला होता.

त्याच वेळी नवरा खालून वर आला. माझ्या हातात हातोडी आणि छिन्नी होती.

"तुमी दोघी भिंत फोडताय?"

"भिंत नाही. इथे काहीतरी आहे."

"काय हाय? मीच बांधलंय घर."

नणंदेनं माझ्या हातातली छिन्नी घेतली आणि रंगावर हलक्या हातानं चौकोन खरवडला. खालून प्लॅस्टिकचं झाकण निघालं. रंगवाल्यानं कधीतरी वरूनच रंग मारून टाकला होता. झाकण उघडलं तर आत हाताएवढ्या पेटीत मातीचं घर, कुंभारमाशीनं बांधलेलं. एका शेजारी एक कोठड्या, आणि एका फुटलेल्या कोठडीत वाळलेले बारीक कोळी ठासून भरलेले, पिल्लांसाठी. जुन्या केबलची आणि नव्या वायरीची गाठ त्या मातीत पक्की रुतून बसली होती. मी बघतच राहिले. एवढी माती ती माशी आत आणते कुठून? झाकण रंगानं बंद, मग वाट कुठली? नवऱ्यानं तर्क केला, वर गच्चीत पाइपाचं तोंड उघडं आहे, तिथून. म्हणजे माशी एवढ्या लांबून अंधारात माती वाहून आणत होती. माझा अजून यावर विश्वास बसत नाही.

नवऱ्यानं स्क्रू-ड्रायव्हर आणला, माती फोडली, पेटी ब्रशनं साफ केली आणि म्हणाला, "आता ओढा." मग तो मधल्या वळणावर उभा राहून वायरीला हातानं वाट देत राहिला. दुपारच्या जेवणाच्या आत नवी वायर नणंदेच्या खोलीत भिंतीतून बाहेर आली. तिनं वायरीचं टोक धरून मला जिन्यातून दाखवलं.

जेवल्यावर आम्ही जिन्यातच टेकलो. माझ्या डोक्यात बोटीवरचं हसणं अजून होतं. मी कागदावर लिहिलं, 'धक्क्यावर तुझी मैत्रीण माझ्याबद्दल काय म्हणाली?'

तिनं वाचलं. जरा लाजली. मग उजव्या हाताचं बोट वाकवून कपाळाजवळ दोनदा फिरवलं आणि मान तिरकी केली. मी पुन्हा कागद पुढे केला. तिनं लिहिलं, 'हे तुझं नाव.'

त्यांच्यात माणसांची नावं अशी असतात, हे तिनं मला तेव्हा समजावलं. अक्षरं जुळवत बसायची नाहीत, माणसाकडे बघून एक खूण ठरवायची. माझी तिनं मी लग्न होऊन आले त्याच वर्षी ठरवली होती. तिच्या सगळ्या मैत्रिणींना ती ठाऊक होती. मी लिहिलं, 'म्हणजे काय?' तिनं माझ्याकडे बघितलं, कपाळाला हात लावला आणि लिहिलं, 'हेच. सारखं विचारते ती.'

मला सत्तावीस वर्षं एक नाव होतं आणि ते मला माहीत नव्हतं. मी ते तिच्यासमोर करून पाहिलं. तिनं माझं बोट धरून जरा सरळ केलं.

दुसऱ्या दिवशी टोकांना कनेक्टर लावायचे होते. वायरीच्या आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनचे चार पीळ. ते सोडवून ठरावीक क्रमानं ओळीत बसवायचे, पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, असा पुढे. खालचं टोक मी केलं, वरचं तिनं. माझं काम चष्मा नाकावर ओढत अर्धा तास चाललं. तपासायच्या यंत्राचे दोन भाग दोन टोकांना लावले. त्यांवर एक ते आठ दिवे एकामागून एक लागायला हवेत. लागले, पण मला काही तरी खटकलं, काय ते सांगता येईना. नणंदेनं खाली येऊन एकदाच पाहिलं आणि बोटं दाखवली: एक, दोन, सहा. मग माझ्या कनेक्टरकडे बोट केलं. तिसऱ्या आणि सहाव्या जागच्या तारांची मी अदलाबदल केली होती, पांढरा-हिरवा आणि हिरवा. मी हिरमुसले. तिनं जराही दयामाया न दाखवता माझं टोक कात्रीनं कापून टाकलं आणि नवं लावलं. तिला चार मिनिटं लागली असतील. यंत्रात दिवे एकापासून आठपर्यंत ओळीनं पळाले, आणि तिनं बोटं मोडली, कारखान्यात शिलाईचं मशीन बंद केल्यावर मोडत असेल तशी.

वरचा डबा जोडला तर नवीच पंचाईत. नणंदेचा फोन जोडला जायचा, सुटायचा, पुन्हा जोडला जायचा. केबलवाल्याला फोन लावला.

"काकी, तुमच्या घरात आता पत्ते वाटनारे दोन झाले. खालचा राउटर प्रत्येक फोनला नंबर देतो, तसा वरचा पन देतोय. त्याचं ते काम बंद करा. त्यानं फक्त निरोप पोचवायचा."

तो एकेक पायरी सांगत गेला, मी पडद्यावर शोधत गेले. कुठलं बटण कशाचं, हे मी इतकं विचारलं की शेवटी तो म्हणाला, "काकी, आता दाबा की." मी दाबलं. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवायला त्यानं सांगितलं, म्हणजे जिना चढताना फोन आपला आपण खालच्या डब्यावरून वरच्यावर जातो. दुसरा डबा आम्ही त्या मातीच्या घराच्या पेटीपाशी लावला, पहिल्या मजल्यासाठी.

मग मी कॅलेंडर घेऊन पुन्हा सगळं घर फिरले. नणंदेच्या खोलीतला आकडा ओटीवरच्या आकड्याइतकाच निघाला. मी तीनदा मोजला. ती खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होती, मग तिनं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि दार दाखवलं. पाच वाजत आले होते.

महिनाअखेरीला संस्थेचा मेसेज आला, वर्ग तिच्याकडेच राहील. जानेवारीपासून त्यांनी आणखी एक तुकडी दिली. नवऱ्यानं बहिणीसाठी मोठ्या पडद्याचा लॅपटॉप आणला आणि तो आपल्यालाच सुचला होता असं सगळ्यांना सांगत फिरला.

त्या नव्या तुकडीत मी नाव घातलं. तिला विचारलं नाही, संस्थेलाच लिहिलं. पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरात फोन डब्याला टेकवून बसले. पडद्यावर लहान लहान चौकोनांत आया, एक-दोन बाप, मांड्यांवर मुलं, आणि मोठ्या चौकोनात निळ्या चादरीसमोर माझी नणंद, माझ्या डोक्यावर दोन स्लॅबांच्या वर. तिनं मला चौकोनात पाहिलं. मग हजेरी घेताना सगळ्यांबरोबर माझंही नाव केलं, वाकडं बोट कपाळापाशी, आणि पुढच्या आईकडे वळली.

मी वर्गात हुशार नाही. हात मंद आहेत आणि मी मध्येच तोंडानं बोलते. गेल्या आठवड्यात 'आई' आणि दुसरा एक शब्द यांत मी सारखी घोटाळत होते. त्या जिन्यातल्या व्हिडिओतली चार वर्षांची मुलगी आता याच तुकडीत आहे. ती आपल्या चौकोनातून कॅमेऱ्याजवळ आली, हात वर करून सावकाश, अगदी सावकाश 'आई' हा शब्द तिनं मला करून दाखवला आणि मी तसाच करते की नाही हे बघत थांबली. चित्र कुठे अडलं नाही. मी केला. तिनं मान हलवली, नाही. पुन्हा.